सर्वपित्रीचा पतंग

बोरीवलीला आमच्या शेजारी श्यामसुंदर राजे राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. फोर्टातल्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते. तिथे त्यांचं कुणी ऐकत नसे, म्हणून घरी तरी सगळ्यांनी ऐकावं असा त्यांचा हट्ट. घरात कुणी कुरकुरलंच, तर अण्णा आपल्या वारलेल्या वडिलांना मध्ये घालत.

दर पितृपक्षात कुंपणाशी पान वाढून ठेवायचं आणि कावळ्याची वाट पाहायची, ही रीत सगळ्यांचीच. कावळा शिवला की पितर तृप्त, मग घरच्यांनी जेवायचं. अण्णांकडे मात्र कावळ्याने जरा उशीर केला, की पानाजवळ जे फिरकेल ते त्यांचे बाबा ठरत. एका वर्षी बोका आला, आणि सूनबाईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, दिवाळीला माहेरी जाऊ नये अशी बाबांची इच्छा निघाली. पुढल्या वर्षी मुंगूस आलं, आणि कुंपण हातभर पलीकडे सरकवावं असं बाबांच्या मनात आलं. पलीकडे म्हणजे माझ्या परसात. आता पितरांशी कोण भांडणार? पण त्या मुंगसाचा राग मला अजून आहे.

छप्पन्न साली पाळी पद्मजाची आली. ही अण्णांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, मागच्या खोलीत शिवणाचं मशीन घेऊन राहायची. आईने जाताना, आम्हा शेजाऱ्यांच्या देखत, अण्णांचा हात धरून सांगितलं होतं, ‘पद्मीला त्या खोलीतून उठवू नकोस.’ अण्णांनी मान डोलावली होती. आता त्यांना तिथे अभ्यासिका हवी होती. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांपलीकडे अण्णा काही वाचत नसत, पण अभ्यासिका हवी होती. पद्मजाने रोह्याला दिराकडे जावं, असं त्यांनी ठरवून टाकलं. हा दीर तिला दारातसुद्धा उभं करत नव्हता. सर्वपित्रीच्या सकाळी तिची ट्रंक ओटीवर आणून ठेवली. बाबांची संमती मिळाली की निघायचं होतं.

दुपार झाली तरी कावळा येईना. भटजींना अजून दोन घरं करायची होती, ते सारखे घड्याळ बघत होते. एवढ्यात कुंपणावरून काहीतरी फडफडत आलं, पानावर एक घिरटी घातली आणि सरळ ओटीवर येऊन ट्रंकेवर बसलं. पूजेच्या तबकाएवढं. विटकरी पंख, त्यांत काच बसवल्यासारखे तिकोनी तुकडे, आणि टोकांना हुबेहूब सापाची तोंडं. कान्हेरीच्या रानाकडेला राहून आम्ही साप-विंचू पुष्कळ पाहिले होते, असलं काही पाहिलं नव्हतं.

पद्मजाने हात जोडले. “बाबा आले. माझ्या ट्रंकेवर बसलेत बघ. जाऊ नको म्हणतायत.”

इतकी वर्षं बोक्यातही ओळखू येणारे वडील अण्णांना एकाएकी ओळखू येईनात. “काहीतरीच काय, पद्मे. किडा आहे तो. माणसाने जरा शास्त्रीय दृष्टी ठेवावी.”

हे ऐकून भटजींनीसुद्धा मान वर केली. अण्णा तसेच सोवळ्यात धावत गेले आणि हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या अनंत मास्तरांना घेऊन आले. मास्तरांनी चष्मा पुसला, ट्रंकेपाशी उकिडवे बसले.

“हा ॲटलास पतंग, अण्णा. रानातला. कोशातून निघतो आणि जेमतेम आठवडाभर जगतो.”

“ऐकलंस? आपल्या बाबांना काय कोशात राहायची सवय होती?”

“बोक्यात राहायची होती का?” पद्मजा म्हणाली.

तिथे थांबले असते तर अण्णा सुटले असते. पण त्यांना पुरावा पक्का करायचा होता. “मास्तर, हा नर की मादी, तेही सांगून टाका.”

“मिशा बारीक, पोट जड. मादी आहे.”

अण्णांनी मांडीवर थाप मारली. “मादी! बोल आता. बाबा कसे असतील?”

“मग आई असेल,” पद्मजा म्हणाली. “आज सर्वपित्री आहे, अण्णा. आईलाही तूच बोलावलंयस.”

आईचे शेवटचे शब्द तिथल्या प्रत्येकाला पाठ होते. अण्णा मास्तरांकडे आशेने बघू लागले. मास्तर बिचारे शास्त्राला धरून म्हणाले, “एक सांगायचं राहिलं. हिला तोंड म्हणून नसतंच. काही खात नाही, उपाशीच अंडी घालते आणि मरते.”

“मग सासूबाईच त्या,” दारातून आवाज आला. अण्णांच्या बायकोचा, शुभावहिनींचा. “या घरात त्यांनाही तोंड नव्हतं.”

शेजारी राहून मी वहिनींचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. मला फार बरं वाटलं.

“यजमान, काय ते कबूल करा,” भटजी म्हणाले. “भूक लागली.”

अण्णा कुंपणाशी गेले आणि पानाकडे बघत पुटपुटले, “पद्मी कुठे जात नाही.”

“मोठ्याने,” वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी मोठ्याने म्हटलं. कावळा आला की नाही ते मला आठवत नाही, कारण तोवर सगळे पानावर बसले होते.

पुढल्या सर्वपित्रीला अण्णा पानाशेजारी पंचा घेऊन बसले. कावळा सोडून दुसरं काही आलं की हाकलायचं. एक चतुर भिरभिरत आला, त्या किड्यालाही त्यांनी पंचा मारला. मागच्या खोलीत मशीन चालू होतं, ते थांबलं.

“अण्णा,” खिडकीतून पद्मजा म्हणाली, “आईला मारू नकोस रे.”