बा म्हणजे ये

हिंगोली स्टेशनबाहेर गंगव्वा पिशवी उचलून मला म्हणाली, "बा अण्णा." जीपचा ड्रायव्हर हसला. "बा बी तुमीच अन् अण्णा बी तुमीच व्हय?"

मी सांगितलं, कानडीत बा म्हणजे ये. आपल्याकडं बा म्हणजे बाप, गुजराती घरात आई.

"मंग कानडी मानूस बापाला बोलावतो कसा?"

"बा अप्पा."

"लई तकलीफ हाय," म्हणत त्यानं पुढं आणखी एक माणूस कोंबला.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. कर्नाटकात साखर कारखान्यावर कारकून आहे; कानडी तिथंच शिकलो. गंगव्वाचा नवरा रमेश आमच्या पुसेगावकडच्या तांड्यावरचा. ऊसतोडीला आला, तिथंच लग्न करून राहिला आणि गेल्या महिन्यात उसाच्या ट्रॉलीखाली गेला. गंगव्वाला माहेर उरलेलं नाही. न पाहिलेली सासू ठेवून घेईल का, हे विचारायला आम्ही निघालो होतो.

सोयाबीन निघून रानं काळी पडली होती. तूर तेवढी उभी.

तांड्यावर रमेशच्या याडीनं (आईनं) गंगव्वाच्या गळ्यात हात टाकले आणि सुरात रडायला लागली. इथं मयतीनंतर भेटलेल्या बाया अशाच गळ्यात पडून गेलेल्याच्या आठवणी गातात. एकीनं सोडलं की दुसरीनं उचलायचं. आमच्या वस्तीत असं नसतं, मीही पहिल्यांदाच पाहिलं. गंगव्वाची पाळी आली. ती ताठ उभी राहिली, मग तिनं हळूच ते हात सोडवले.

सूर थांबला. भाकर अन् ठेचा पुढं आला. कुणी जेवलं नाही.

"काकू, तिचं तिकडं रडून झालंय," मी म्हणालो.

"तिकडलं तिकडं. माज्या लेकरासाठी हितं काहून न्हाई रडली?"

मी बराच भांडलो. सासरा खाली बघत म्हणाला, "घेऊन जा भाऊ. ही आमच्यातली वाटून न्हाई राहिली."

स्टेशनवर गंगव्वानं विचारलं, त्या काय गात होत्या? गोरमाटी (तांड्याची बोली) लहानपणापासून माझ्या कानावर आहे. सांगितलं, की रमेश लहानपणी बा, बा करत बापाच्या बैलामागं पळायचा, गुळासाठी रुसायचा. तिनं ते पुन्हा सांगायला लावलं.

"असं म्हणायचं असतं होय? मग मीही म्हटलं असतं. माझ्यासाठी तो भात करायला शिकला, हे त्यांना कुठं माहीत आहे?"

"चल, परत जाऊ. मी सांगतो त्यांना."

"नको अण्णा. आता रडले तर ते राहायच्या जागेसाठी होईल."

गाडी आली. आम्ही दोघं बसलो. गावाहून परतताना दर वेळी आईच्या हातचं काहीतरी सोबत असतं. या वेळी मी घरी गेलोच नव्हतो.