धुराड्यातलं खारीचं घरटं

खारीच्या पिल्लांचा आवाज मला दोन दिवस आधीच आला होता. अकोल्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. स्वयंपाकघरात आरसा टांगून दाढी करायचो, तेव्हा धुराड्यातून बारीक चिंचिं ऐकू आली. उन्हाळाभर बायको अंगणातल्या चुलीवर रांधत होती, आतली चूल थंडच. खारीनं तेवढ्यात संसार मांडला असणार. रविवारी वर चढून बघू, असं ठरवलं. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तेव्हाच शिडी लावायला लावली असती आणि कचेरीला उशीर झाला असता. मी साधा कारकून, माझ्यावाचून तिथं काही अडत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी असा वारा सुटला, की अंगणातली चूल पेटेना. मी अंघोळीला गेलो होतो, तिनं आतली पेटवली. वर जायचा तो धूर खालीच आला. ती खोकत बाहेर पळाली, तर छपराच्या कवेलूंवर खार जिवाच्या आकांतानं ओरडत होती. काय झालं ते बायकोला लगेच कळलं. तिनं आत जाऊन घागर चुलीवर उपडी केली.

शेजारी एक म्हातारे गवंडी राहायचे. ते म्हणाले, "खालून काठी कोंबू नका, साहेब. कापूस असन आत, जळता अंगावर येईन. वरूनच काढा."

चूल पार निवेपर्यंत थांबलो. तिच्या तोंडावर ओलं पोतं टाकलं, नाकाला ओला पंचा बांधला आणि वर जाऊन धुराड्याच्या तोंडाशी असलेले चार कवेलू सरकवले. घरटं अख्खं हातात आलं. निम्मं कापसाचं, बाकी सुतळ्या आणि बायकोच्या जुन्या लुगड्याचे दोरे. आत तीन पिल्लं होती. एकाचाही केस जळला नव्हता, धुरानंच गेली होती. काम नीट झालं म्हणून गवंड्यांनी शाबासकी दिली. मला काहीच वाटलं नाही. हात धुतले आणि कचेरीत गेलो, वेळेवर.

बुद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. सगळे गेले म्हणून मी गेलो होतो, ती मनापासून गेली होती. जीवहत्या करणार नाही हे पहिलं शील ती इतकं जपायची, की तांदळातले किडे वेचून अंगणात सोडायची. त्या संध्याकाळी मला वाढून ती तशीच बसून राहिली.

"अजी, तुमाले काई आवाज आला होता का? का मीच ध्यान देलं नाई?"

"नाई," मी म्हणालो. "मले बी नाई आला."

तेव्हापासून वंदनेला बसलो, की पहिल्या शिलाला ती गप्प राहायची. ओठसुद्धा हलवायची नाही. दुसऱ्यापासून म्हणायची. एकदा विचारलं, तर म्हणाली, "मोडलं ते कोन्त्या तोंडानं म्हनू?" पुढं अमरावतीला बदली झाली, तिथंही तेच. मी एका शब्दानं तिला मोकळं करू शकलो असतो. तो शब्द कधी तोंडातून निघाला नाही. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. ते मी तिच्या शेजारी बसून रोज म्हणत होतो, खणखणीत आवाजात.