वाऱ्याचा बाण

"टेंभुर्णीच्या का मॅडम? गावात कोणत्या अंगाला घर?" मालकानं विचारलं.

"उगवतीच्या."

त्याला पुढं काही विचारावं लागलं नाही. बदनापूरजवळच्या त्याच्या रानात बंगल्यांची वसाहत उठणार होती. टेबलावर पसरलेला नकाशा माझा. त्यावर बोट ठेवून तो आमच्या ऑफिसच्या सरांना म्हणाला, "मंग बराबर. वारा कुणीकडं जातो, हे हिला शिकवायची गरज न्हाई. कामवाल्यांच्या खोल्या आन् सांडपाण्याचा प्लांट, दोन्ही उगवतीला टाकायला सांगा."

एका उत्तरात मी 'मॅडम'ची 'हिला' झाले. सर हसले, म्हणून सगळं ऑफिस हसलं. मी लँडस्केप आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला, ट्रेनिंग सरांकडं. त्यांच्या सर्टिफिकेटशिवाय डिग्री अडणार होती. मी मान खाली घातली. लाज वाटली, आणि लाज वाटली याचाच संताप आला.

आमच्याकडं वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. म्हणून आमची वस्ती गावकुसाबाहेर, पूर्वेला. आमच्या अंगावरची हवा गावाच्या नाकात जायला नको. कॉलेजात मी नकाशावर वाऱ्याचा बाण काढायला शिकले, त्याला मार्कही चांगले पडले. तो बाण कुणाच्या दारात जातो, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

जुन्या जालन्यातल्या खोलीवर आले. आईचा फोन आला.

"जेवली का?"

"हो."

जेवले नव्हते. पोरगी मोठमोठे बगीचे काढते, असं ती वस्तीभर सांगत फिरत होती. तिला काय सांगणार? वर्गातल्या कुणाशी तरी बोलावं म्हणून फोन चाळला. ज्याला हे समजावून सांगावं लागणार नाही, असं एकही नाव सापडेना. इतकी एकटी मी गाव सोडतानाही नव्हते.

सकाळी नकाशात कामवाल्यांच्या खोल्या मावळतीला घेतल्या, बंगल्यांच्या आधी वारा लागेल अशा. प्लांट सगळ्यांपासून तोडून लांब ठेवला.

"बदल हे," सर म्हणाले. "नाहीतर सर्टिफिकेट विसर."

"न्हाई बदलणार, सर."

इतके दिवस त्या ऑफिसात मी घरचं 'न्हाई' गिळून जपून 'नाही' म्हणत होते.

सर्टिफिकेट गेलं. वर्षही गेलं. ट्रेनिंग पुन्हा करीन, दुसरीकडं. नोकरीसाठीच्या पोर्टफोलिओत पहिल्या पानावर तोच नकाशा लावलाय. मुलाखतीत कुणी विचारलंच, घर कोणत्या अंगाला, तर सांगीन. उगवतीला. आणि माझ्या हातच्या नकाशात घाणीच्या वाऱ्याखाली कुणाचंही घर येणार न्हाई. मालक कुणी का असेना.