तिलाही ठाऊक नव्हतं
यीस्टचा आंबूस वास आला की मला भोरचा एसटीडी बूथ आठवतो. तेव्हा मी पुण्यात पीएचडी करत होते. यीस्टच्या पेशीत कायनेज नावाची प्रथिनं संदेश पुढे धाडतात. त्यांना आवरणारं प्रथिन मला सापडलंय, यावर कुणाचा विश्वास नव्हता. ते काढून टाकलं तर काय होतं, हे कळायच्या दिवशी मी नेमकी हिर्डोशीला घरी होते. आईला घेऊन एसटीनं भोर गाठलं आणि प्रयोगशाळेत फोन लावला. "अगं, संदेश थांबतच नाहीये! तुझंच खरं!" मैत्रीण ओरडली. मी बूथमध्येच उड्या मारू लागले. "समदी बरी हायेत न्हवं?" आईनं घाबरून विचारलं. "आई, माझं बरोबर निघालं!" परतीच्या एसटीत ती कंडक्टरपासून सगळ्यांना सांगत होती, "आमच्या पोरीचं बरोबर निगालं!" काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आता माझं काम समजणारे पुष्कळ भेटतात, पण त्यानं इतकं हरखून जाणारं कुणी भेटत नाही.