चारनंतरचं पाणी

ही गोष्ट आमच्या गुरुजींना माहीत नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याला सांगता आली नाही, आणि तुम्हाला सांगून राहिले. गुरुजी म्हणजे माझा नवरा. शाळेत मास्तर होते, म्हणून माझी माय त्यांना गुरुजी म्हणायची, मग मीही तेच म्हणायला लागले. नांदेडच्या भावाला माहीत नाही. पोरांना नाही. मग आताच का? खरं सांगू — मलाही नीट कळत नाही. सहासष्टावं चालू आहे, गुडघे गेलेत. सून उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवते आणि म्हणते, आई, पीत जा. चांगली पोरगी आहे. पण तिनं बाटली ठेवली की मला तिच्याकडं बघवत नाही.

थांबा. आधी मायचं सांगते.

माय इथल्याच, लातूरजवळच्या मुरुडची. दुसऱ्याच्या रानात खुरपून तिनं आम्हा दोघांना शिकवलं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी बी.ए. होऊन घरी बसलेली. नव्या कचेऱ्या निघाल्या, भरती निघाली, मी कारकून म्हणून लागले. सगळंच नवं होतं — भाड्याच्या खोल्या, उस्मानाबादहून ट्रकनं आलेली कपाटं, माणसं जास्त आणि खुर्च्या कमी. माय एसटीनं मला बघायला आली. मी खुर्चीवर बसलेली दिसले तशी ती दारातच उभी राहिली, आत येईना. परत जाऊन अख्ख्या वस्तीत सांगत सुटली, "माझी लेक जिल्हा चालवून राहिली." मी आवक-जावक रजिस्टर चालवत होते. पण तिला कोण सांगणार?

बाप लवकर गेला. माय थकली तेव्हा मीच तिला लातूरला आणली. कुणी गळ्यात मारली नव्हती, हे ध्यानात घ्या. भाऊ न्यायला तयार होता, मीच नको म्हणाले. लेकीनं सांभाळलं, जावयानं सांभाळलं — हे ऐकायला मला आवडायचं. ऑफिसात, विहारात, गल्लीत माझं नाव होतं. आणि नाव झालं ना, की ते सोडवत नाही माणसाला.

मग ते साल आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साल. नळ नुसता नावाला. गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. गुरुजी रिटायर झालेले, ते बॅरल आणि घागरी घेऊन रांगेत उभे राहायचे. लोक बॅरलला कुलपं लावत होते. परातीत बसून अंघोळ करायची, ते पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. आणि त्यात, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, माय मोरीत घसरून पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय काही पुन्हा जमिनीला टेकला नाही. माय खाटेला खिळली.

पुढचं बोलायला अवघड वाटतं, पण त्याच्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. मायला लघवी धरवत नव्हती. दुकानातून डायपर आणले तर त्या उकाड्यात तिच्या मांड्या सोलून निघाल्या. मग जुन्या लुगड्याच्या घड्या घालायला लागलो. घडी भिजली की अंगावरचं लुगडं भिजतं, खालची चादर भिजते. तिनं एक तांब्या पाणी प्यायलं की दोन बादल्या धुण्याला. आणि धुणारी मी. सकाळी उठून धुवायचं, दहाला ऑफिस गाठायचं, संध्याकाळी येऊन परत धुवायचं, रात्री तिनं हाक मारली की उठायचं. माझीच रिटायरमेंट वर्षावर आलेली. कंबर वाकली की सरळ होत नव्हती. एक बाई लावली होती, ती आठ दिवसांत पळाली. मी दमले होते हो. लई दमले होते.

हे सबब म्हणून सांगत असेन तर थांबवा मला. कारण प्यायला पाणी होतं. पिण्याचा जार विकत यायचा, एक हंडा कायम झाकलेला असायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात प्यायला पाणी नाही असा एकही दिवस गेला नाही. मी प्यायचे, गुरुजी प्यायचे, पाहुणा आला तर त्याच्यापुढं भरलेला तांब्या जायचा.

मायचं पाणी मी तोडलं.

झालं असं की एकदा तिचे रिपोर्ट दाखवायला मी एकटीच डॉक्टरकडं गेले होते. घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलंय, चारनंतर मायला पाणी द्यायचं नाही. दिवसा पण कपानंच द्यायचं, बेतानं." डॉक्टर असं काहीच बोलले नव्हते. ते वाक्य येताना रिक्षात सुचलं, औसा रोडला, आणि घर येईपर्यंत पाठ झालं. इतकं सोपं असतं का खोटं? जन्मभर ऑफिसात दुसऱ्याची कागदं अडवताना माझी जीभ अडखळायची, आणि इथं मायच्या पुढं उभी राहून बोलले तर एक अक्षर चुकलं नाही. गुरुजींनी मान डोलवली. मोठ्या माणसानं सांगितलेलं मोडायचं नाही हेच त्यांनी जन्मभर पोरांना शिकवलं होतं. माय म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलं म्हंजे बराबरच आसंल."

चौथ्या दिवशी रात्रभरात एकच घडी भिजली. मला झोप लागली. बरं वाटलं. कशाला लपवू — लई बरं वाटलं.

मग तेच चालू झालं. पावणेचार वाजले की गुरुजी घड्याळ बघून कप घेऊन जायचे. "घ्या माय, आता सकाळीच." बिचाऱ्यांना वाटायचं आपण पथ्य सांभाळून राहिलो. मी सहाला घरी यायचे तेव्हा मायचे ओठ पांढरे पडलेले असायचे. ती मागायची नाही. हंड्याकडं बघायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. एकदाच, मे महिन्यात, म्हणाली, "जीभ वाळून राहिली गं." मी काय म्हणावं? "माय, डॉक्टरनं काय सांगितलंय?" मी ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसले, आणि पुसताना मनात म्हणाले, एवढं तरी कोण करतं आजकाल.

भावाचा नांदेडहून फोन आला होता. "अक्का, आमच्याकडं दोन दिवसाआड का हुईना नळ येतो. उन्हाळाभर मायला इकडं पाठव." पाठवायला काय झालं होतं? गाडी केली असती तर दुपारपर्यंत पोचली असती. तिथं तिला तांब्यानं पाणी मिळालं असतं. मी म्हणाले, "माझ्याकडं काय कमी पडून राहिलं तिला?" पाठवली असती तर लोक म्हणाले असते, लेक थकली. थकले तर होतेच, पण कुणी तसं म्हणायला नको होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत काय होतं ते मला एकटीला ठाऊक.

त्याच दिवसांत एकदा शेजारीण येऊन बसली होती. संध्याकाळी सगळ्यांच्या बोलण्यात पाणीच असायचं. माय तिला तिच्या लहानपणचं सांगत होती. आमच्या लोकांनी विहिरीला शिवायचं नाही तेव्हा. घागर घेऊन खाली उभं राहायचं, वरच्या कुणाला दया आली तर तो ओतणार. उन्हात दोन-दोन तास उभं राहायचं. मग आम्ही धम्म घेतला, पुढं वस्तीत नळ आला. सगळं सांगून झाल्यावर माय म्हणाली, "आता काय, लेकीच्या घरचं पानी हाय. कुनाची वाट बगायचं काम न्हाई." मी आत भाकरी थापत होते. मी ऐकलं सगळं. मग चहा टाकला — माझा आणि शेजारणीचा. चार वाजून गेले होते ना.

आता सांगा, हे दुष्काळानं केलं का?

जूनच्या तोंडाला माय बरळायला लागली. अंग तव्यासारखं तापलं, मला ओळखेना. दवाखान्यात नेली, सलाईन लावलं. दोन दिवसांनी शुद्धीवर आली. सकाळी डॉक्टर आले — तेच डॉक्टर, ज्यांच्या नावावर मी सगळं खपवलं होतं. गुरुजी खाली औषधं आणायला गेले होते. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, लघवीचं इन्फेक्शन पार किडनीपर्यंत गेलंय, अंगात पाणीच नाही. "आजी पाणी पीत नाहीत का?"

माय जागी होती. ती डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होती. आता ती म्हणणार, तुमीच तर बंद केलं व्हतं सायब. तिचं तोंड उघडायच्या आत मी बोलले. "किती सांगितलं तरी ऐकत नाही, डॉक्टर. पाणी दिलं की तोंड फिरवते."

हेच ते. पाणी तोडलं ते दमले म्हणून, असं कुणी म्हणेलही. हे वाक्य मी दमून बोलले नाही. भिऊन बोलले. स्वतःचं नाव वाचवायला, खाटेवर पडलेल्या मायच्या देखत, तिच्यावर ढकललं.

डॉक्टर तिला रागावले. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे मोठ्यानं. ती बहिरी नव्हती. शेजारच्या खाटांवरचे लोक वळून बघायला लागले. "आजी, असं चालणार नाही. दिवसभर पाणी प्यायचं. रात्रीसुद्धा प्यायचं. पिऊ नका म्हणून सांगितलं का कुणी तुम्हाला?"

मायला तेव्हा कळलं. मी बघत होते तिच्याकडं, कळलं ते मला दिसलं. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. मग म्हणाली, "कुनी न्हाई सायब. माझंच चुकलं. पानी गोड लागत न्हाई मला."

त्या साली, लातुरात, पाणी गोड लागत नाही. डॉक्टर हसले. मीही हसले.

गुरुजी औषधं घेऊन वर आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, डॉक्टरनं पथ्य बदललंय, आता कितीही पाणी द्या. ते म्हणाले, बरं झालं. माय डोळे मिटून पडली होती. ऐकत होती.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. किडनी मात्र पहिल्यासारखी झाली नाही, पायाला सूज राहायची. त्या दोन वर्षांत तिनं एकदाही विषय काढला नाही. मी वाट बघायचे — शिव्या घालील, रडेल, निदान एकदा विचारील, का गं असं केलंस? काही नाही. मीही बोलले नाही. तिची वेणी घालताना, पाय चेपताना, कितीतरी वेळा शब्द ओठापर्यंत आले. तेवढं धाडस नव्हतं माझ्यात. ती गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला भाऊ बोलायला उभा राहिला. म्हणाला, त्या दुष्काळात सुद्धा अक्कानं मायला पाण्याची कमी पडू दिली न्हाई. लोकांनी माना हलवल्या. दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. मी हात जोडून बसले होते. उठून खरं बोलता आलं असतं. नाही उठले.

एक राहिलं. त्या सालच्या पावसाळ्यात शेवटी पाऊस झाला, नळ सुरू झाले, गुरुजींनी बॅरल गच्चीवर नेऊन पालथे घातले. मी मायच्या खाटेशेजारी स्टूल ठेवलं, त्याच्यावर तांब्या-भांडं, तिच्या हाताला येईल असं. दिवसातून तीनदा भरायचे. ती आपणहून त्याला हात लावायची नाही. गुरुजी म्हणायचे, घ्या की माय, समोरच तर हाय. ती नुसती मान हलवायची. मी घरात नसले तर मी येईपर्यंत थांबायची. मी खोलीत पाऊल टाकलं की तांब्याकडं बघून विचारायची, "घेऊ का?"

मी घे म्हणायचे. मग ती प्यायची.