हळद-कुंकू लावलेला अल्बम

ती केस मला आजही आठवते, आणि आठवली की स्वतःची थोडी लाजही वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आयुष्यभर लक्षात राहतील असे चेहरे पाहिले. पण निवृत्तीनंतर कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं, की मला आठवते ती गुन्हा म्हणून कधी दाखलच न झालेली.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. परळ-लालबागकडे गिरण्यांच्या आवारांना पत्रे ठोकून आत टॉवर उभे राहू लागले होते. मी गिरगावातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. माझा एक बॅचमेट गुन्हे शाखेत होता. नाशिकला ट्रेनिंगमध्ये आम्ही एका खोलीत राहिलो होतो, परेडला त्याची टोपी मी नीट करून द्यायचो. आता आठवड्याआड पेपरात त्याचा फोटो यायचा. मागे तोंडावर बुरखा घातलेले आरोपी आणि पुढे हा, छाती काढून. आडपडदा न ठेवता सांगतो, माझ्या पोटात दुखायचं. संध्याकाळी घरी जाताना बाजारातून बोंबील घ्यायचो आणि ते मुद्दाम त्याच्या फोटोच्या पानात बांधून घ्यायचो. कोळीण विचारायची, "सायेब, आज पन ह्योच कागद?" मी म्हणायचो, "हाच."

अशाच एका सकाळी हजेरी संपली आणि ठाणे अंमलदार हसू दाबत आत आला. "साहेब, एक बाई आल्यात. घरातून फोटोंचा अल्बम गेला म्हणतात. कपाटातलं सोनं जागच्या जागी आहे. मी गहाळ रजिस्टरला नोंद घेतली."

"गहाळ? घरातून गेला तर ती चोरी ना?"

"साहेब, फोटो कोण चोरणार?"

बाई पन्नाशीच्या आतल्या होत्या. ठाकूरद्वारला एका वाडीत राहणाऱ्या, दादरच्या एका कचेरीत हेडक्लार्क. सोबत यजमान होते. बाईंनी काळा चष्मा घातला होता. बसल्या, चष्मा काढला आणि मी नकळत नजर दुसरीकडे वळवली. वरच्या पापण्या आत बसल्या होत्या. भुवईखाली खोबण पडून हाडाची कड दिसत होती. बाकी चेहरा धडधाकट, आणि डोळे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे.

"बघा साहेब, तुम्हीसुद्धा नजर वळवलीत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, सवय होती.

हकीकत अशी. पापण्यांची कातडी सैल पडली होती, ऑफिसात जो तो 'दमलात का' विचारायचा, म्हणून बाईंनी दीड वर्षापूर्वी पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी कातडीबरोबर आतली चरबीही काढली आणि ती जरा जास्तच काढली गेली. सूज उतरली तशी पापणी खोल जात राहिली. आता दुसऱ्या एका डॉक्टरांनी दुरुस्तीची तयारी दाखवली होती. पोटावरची चरबी बारीक सुईने काढून पापणीच्या वर थेंबाथेंबाने भरायची. कमी पडली तर पुन्हा भरता येते, जास्त झाली तर गाठी दिसतात. म्हणून त्यांनी बजावलं होतं, की तुमचे तरुणपणचे फोटो आणा, पापणी मुळात किती भरलेली होती ते मला बघू द्या.

"फोटो सगळे त्या एकाच अल्बममध्ये होते. माहेरचे. सोमवारी न्यायचा म्हणून टेबलावर काढून ठेवला होता," बाई म्हणाल्या. "मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. सूज उतरायलाच महिना-दीड महिना जातो. या आठवड्यात नाही झालं तर लग्नाआधी होणार नाही."

"लग्नानंतर केलं तर?" मी विचारलं.

यजमान मध्ये बोलले, "मुलाकडच्यांनी मध्यस्थामार्फत विचारलंय, मुलीच्या आईला काय आजार आहे, आणि तो मुलीला होईल का."

"मी कन्यादानाला बसणार नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडाकडे बघून माझ्या पोरीचं लग्न मोडायला नको."

मी कामाला लागलो, पण माझा हेतू शुद्ध नव्हता हेही सांगून टाकतो. माझ्या डोक्यात वीज चमकली ती पहिल्या डॉक्टरांच्या नावाची. मोठा दवाखाना, मोठी गिऱ्हाइकं. बाई उद्या कोर्टात गेल्या तर जुने फोटो डॉक्टरांच्या विरोधात पुरावा ठरणार. म्हणजे अल्बम नाहीसा होण्यात फायदा त्यांचा. केस मोठी होती, पेपरात येण्याजोगी. गाडीत बसताना मी टोपी सरळ केल्याचं मला चांगलं आठवतं.

दोन शिपाई घेऊन मी दवाखान्यात धडकलो. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाईंची फाइल समोर ठेवली. ऑपरेशनआधीचे सगळे फोटो त्यात होते, मागितले तर न्या म्हणाले. पण त्यात पापणी लोंबलेली होती, दुरुस्तीला त्यांचा उपयोग नव्हता. मग म्हणाले, "इन्स्पेक्टर साहेब, माझ्याकडून जास्त काढलं गेलं. हे मी बाईंना तोंडावर सांगितलंय. दुसऱ्या डॉक्टरांकडे मीच चिठ्ठी देऊन पाठवलंय त्यांना."

मी हात हलवत परत आलो. ठाणे अंमलदाराने माझ्याकडे पाहून चहा मागवला. हाताखालच्या माणसांना सगळं कळतं.

मग मी पोलिसाने पहिल्या दिवशी करायला हवं ते तिसऱ्या दिवशी केलं. खबऱ्यांना सांगितलं. माझे नेहमीचे खबरी अल्बमचं नाव ऐकून हसले. पण आमच्या बाजारातली ती कोळीण माझी सगळ्यात पक्की खबरी होती. मासळी विकणाऱ्या बाईला घराघरातलं ठाऊक असतं. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणी अबोला धरलाय, कुणाच्या घरी अचानक पापलेट जायला लागलं, सगळं. तिला मी सांगितलं तेव्हा ती हसली नाही. टोपलीवरचा हात थांबवून म्हणाली, "काल्या पानांचा? आमच्या जाल्यान आलाय, सायेब."

तिच्या नवऱ्याची होडी चौपाटीच्या आसपास जाळं टाकायची. जाळ्यात एक पिशवी आली होती, निर्माल्याची असते तशी. आत फुलं आणि अल्बम. फोटोत कुणाची तरी आई होती, ती परत पाण्यात टाकायची कशी, म्हणून हिने अल्बम घरी नेला आणि बोंबील वाळत घालतात तिथेच उन्हात वाळत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो घेऊन ठाण्यात आली. बोंबलांचा वास अख्ख्या ठाण्यात भरला.

उन्हाने घात केला होता. पानं एकमेकांना चिकटली होती, सोडवायला गेलं की फोटोंचे पापुद्रे निघत. तोंडं गेली होती, डोळे तर एकाही फोटोत धड उरले नव्हते. माझी निराशा तिला दिसली असावी.

"वल्ला व्हता तवा समदं दिसत व्हतं," ती म्हणाली. "दोगी बहिनी व्हत्या. येक तर ठाकुरद्वारची ताय, माजं गिऱ्हाईक. सुकला का तिला देनार व्हते. पन दोगींचे डोले येकदम सारके. कंची ती ताय, मना कलेना."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढचं बोलली त्याकडे मात्र दिलं. पहिल्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "आनि ह्ये बग. आयला हलद-कुंकू लावलेलं. चोर हलद-कुंकू लावतो काय रं सायेब?"

त्या पानावर नऊवारीतल्या एका बाईचा फोटो होता. कपाळाच्या जागी हळदीचा पिवळा डाग आणि त्यावर कुंकू, पाण्याने पसरलेलं पण ओळखू येण्याजोगं. गेलेल्या बाईच्या फोटोला हळद-कुंकू लावतात ते ती सवाष्ण गेली असेल तर. म्हणजे लावणाऱ्याला हे ठाऊक होतं. फाडायला आणि जाळायला हात धजला नव्हता, म्हणून देवाच्या जुन्या तसबिरीसारखं रीतसर विसर्जन केलं होतं. हे काम लेकीचं होतं. एक लेक तक्रार द्यायला आली होती. दुसरी राहिली.

दुसरी, म्हणजे धाकटी, करी रोडला चाळीत राहायची. नवरा गिरणी कामगार, संपात नोकरी गेली ती गेली. ही घरी पोळ्या लाटून डबे देत असे. लग्नाच्या तयारीसाठी तो आठवडाभर ती रोज ठाकूरद्वारला येत होती. तिला मी दुपारी ठाण्यात बोलावलं, महिला शिपायाला शेजारी बसवलं, चहा दिला. माझा अनुभव असा, की सज्जन माणूस प्रश्नांना उत्तरं देऊ शकतो, गप्प बसण्याला नाही. मी दहा मिनिटं काहीच बोललो नाही. मग अल्बम उघडून समोर ठेवला.

"मला काय माहीत नाय," ती म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

"तेवढंच सांगा," मी म्हटलं. "आईला हळद-कुंकू कुणी लावलं?"

तिने पदर तोंडाला लावला. रडली नाही. बोलायला लागली आणि मग थांबेना.

"ताईचे डोळे बघून पसंत केली साहेब, तिला. बघायला आले होते ते आम्हा दोघींना. मी पोहे घेऊन आले, माझ्याकडे मान वर करून पण बघितलं नाय कुणी. त्या डोळ्यांनी तिला ठाकूरद्वार मिळालं आणि मला करी रोड. संप झाला, माझ्या घरात चूल पेटत नव्हती, तेव्हा ती यायची तांदूळ घेऊन. देताना वाईट बोलली नाय कधी. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं, मला रागावता तरी आलं असतं. मग तिचं हे असं झालं. बारशाला गेलो होतो एका, तिथे एक बाई मला म्हणाली, तुम्हीच छान दिसता हो दोघींत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, साहेब. घरी जाऊन मी आरशात बघत बसले. वाटलं, पोरीच्या लग्नापर्यंत असंच राहू दे. एक लग्न. मग होऊ दे तिचे डोळे परत. मला कळतंय मी काय बोलते ते."

मी समोर बसून ऐकत होतो आणि मला बोंबील आठवत होते. हिने निदान हळद-कुंकू तरी लावलं होतं.

थोरलीला बोलावलं. यजमान तणतणत होते, बायकोच्या बहिणीवर गुन्हा दाखल करा म्हणत होते. थोरलीने अल्बम पाहिला, आईच्या पानावरून हात फिरवला आणि ऑफिसातली मराठी सोडून माहेरच्या बोलीत धाकटीला म्हणाली, "काय गो ह्या केलंस? आवशीक पाण्यात सोडलंस?"

"हळद-कुंकू लावन सोडलंय," धाकटी म्हणाली.

दोघीही एकदम रडायला लागल्या. मी यजमानांना घेऊन बाहेर गेलो. व्हरांड्यात मला कोळिणीचं बोलणं आठवलं. परत आत येऊन मी दोघींना शेजारी शेजारी उभं केलं, थोरलीला चष्मा काढायला लावला आणि नीट पाहिलं. मग दुरुस्ती करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. यात पोलिसाचं काही काम नव्हतं, पण गेलो. डॉक्टरांनी दोघींना खिडकीपाशी बसवलं. धाकटीच्या हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ पाहिलं. दोन वर्षांनी लहान, पापणी अजून भरलेली, भुवईखालचा गोलावा तसाच.

"फोटो कशाला हवेत?" ते म्हणाले. "हेच डोळे होते ना तुमचे?"

थोरली म्हणाली, "हेच. लहानपणी आई मागून हाक मारताना चुकायची नाही, पण डोळे दिसले की चुकायची."

"माझे?" धाकटीने विचारलं. "माझे असे आहेत?"

डॉक्टरांनी पेन घेतलं आणि तिच्या डोळ्यांकडे बघत थोरलीच्या पापणीवर खुणा करायला सुरुवात केली. धाकटी न हलता बसून राहिली. एवढं लक्ष देऊन तिच्या डोळ्यांकडे आयुष्यात कुणी पाहिलं नसावं, तिने स्वतःही नाही.

ठाणे अंमलदाराने पहिल्याच दिवशी 'गहाळ' लिहिलं म्हणून मी त्याला टोकलं होतं, पण नोंद बदलायची राहून गेली होती. त्याच नोंदीने एक घर वाचलं. चोरी लिहिली असती तर दोघी बहिणींना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. स्टेशन डायरीत मी एक ओळ लिहिली, 'गहाळ अल्बम मिळून आला, तक्रारदारास परत केला, तक्रार नाही.' लग्नाचं आमंत्रण आलं, मला जाता आलं नाही. नंतर कन्यादानाचा एक फोटो घरी पोहोचला. त्यातल्या दोघी बहिणींत थोरली कुठली ते मला यजमानांशेजारी पाटावर कोण बसलंय त्यावरून ठरवावं लागलं.

मत्सराबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं, त्यापायी झालेले खूनही तपासले होते. पण मत्सर करणारा माणूस दुसऱ्याकडे इतका टक लावून बघत असतो, की आपल्या स्वतःच्या तोंडावर काय आहे हे त्याला ठाऊकच नसतं, हे मला त्या धाकट्या बहिणीने शिकवलं. मीही बॅचमेटच्या फोटोकडेच बघत बसलो होतो. तो मत्सर नसता तर पहिल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात घालवलेला दिवस वाया गेला नसता, आणि अल्बम कदाचित उन्हात वाळायच्या आधी हाती आला असता.

त्या आठवड्यात पेपरात त्याचा पुन्हा फोटो आला. संध्याकाळी बाजारात कोळिणीने बोंबील मोजले आणि सवयीने तेच पान ओढलं.

"थांब," मी म्हटलं. "दुसरा कागद घे."