दोन्ही रांगांत पट्टा

परळच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दीपिका गमरे अकरा वर्षं तंत्रज्ञ होती. करार दर वर्षी नवा. या काळात तिने तीन प्राध्यापक पचवले होते. चौथे यतीन सर. गिरगावातलं जुनं, पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांत मुरलेलं घराणं. वयाने तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून तिला 'तू'. पिपेट धरली की त्यांची करंगळी चहाचा कप धरल्यासारखी सुटायची. दीपिकाने त्यांच्याबद्दलचं मत तिथेच बनवलं, आणि ते बदलावं असं सरांनी पुढे काही केलं नाही.

सरांचा प्रकल्प गव्हाच्या रोपांवर होता. उष्मा वाढला की पेशीतली प्रथिनं उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोळा व्हायला लागतात. तसं होऊ नये म्हणून रोप घाईघाईने वेगळी, छोटी प्रथिनं तयार करतं. ती या बिघडू पाहणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतात. गारव्यात वाढलेल्या रोपात ती जवळजवळ नसतातच; पण एकदा तयार झाली की काही दिवस टिकतात. म्हणून दोन ट्रे. एक कायम चोवीस अंशांवर, रोपं वाढवायच्या कपाटात. दुसरा दोन तास बेचाळीसवर. मग दोन्हींची पानं वाटून प्रथिनं काढायची आणि जेलच्या पातळ वडीवर शेजारी-शेजारी दोन रांगांत चालवायची. तापलेल्या रोपांच्या रांगेत काळा पट्टा उमटला आणि गार रोपांची रांग कोरी राहिली, की प्रयोग जमला. सर यावर तासभर बोलत. पानं दीपिका वाटे.

दसऱ्याला ती दर वर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर जाई. यंदाही दोन दिवस आधी निघाली. निघताना दोन्ही ट्रे कपाटात ठेवले आणि दारावर कागद चिकटवला: उघडू नये. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, तिने एक ट्रे तापवला, दोन्हींची पानं वाटली, आणि पट्टा दोन्ही रांगांत आला. गार रोपांतसुद्धा, चांगला ठसठशीत.

सरांना निदान करायला अर्धं मिनिट पुरलं. प्रवासातून दमून आली, ट्रेंची अदलाबदल केली. शुक्रवारी बाहेरची समिती येणार होती. तिच्यापुढे ठेवायला त्यांनी एक कागद टाइप करून आणला, 'तंत्रज्ञाच्या चुकीमुळे', आणि खाली सहीपुरती जागा.

दीपिकाचा करार डिसेंबरात संपत होता. घरी लेकीचं, मनवाचं, बारावीचं वर्ष. सही केली की अकरा वर्षांचा हात एका ओळीत वाया, आणि नवा करार करताना नेमकी तीच ओळ कुणीतरी पुढे करणार. तिने उद्या देते म्हणून कागद ठेवून घेतला.

कपाट पुसायला गेली तर दाराच्या रबरात झेंडूची पाकळी अडकलेली. खाली लादी पुसणाऱ्या रमाबाईंनी, कुणी न विचारता, सगळं सांगितलं. खंडेनवमीला सरांनी मशीनची पूजा केली. दारावरचा कागद हाराआड शोभत नाही म्हणून काढला. पूजेच्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, म्हणून बटण बंद, ते थेट संध्याकाळी सुरू. ट्रे पश्चिमेच्या खिडकीत, बंद काचेमागे, ऑक्टोबरच्या उन्हात.

"मी बोलले गं, सर, रोपं तापतील. तर मला म्हणतात, रमाबाई, झाडांना ऊन आवडतं."

दीपिकाला हसूही आलं नाही. पूजेशी तिचं भांडण नव्हतं. शेजारचा टॅक्सीवालाही गाडीला हार घालतो. पण गाडी आपणच बंद ठेवली होती हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवतं. इथे उष्म्यावर पीएचडी केलेल्या माणसाने आपली रोपं आपल्या हाताने भाजली होती, आणि वर तोच तिला दमलेली ठरवत होता.

दुसऱ्या दिवशी तिने कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सहीच्या जागी दोन ओळी होत्या: खंडेनवमीला कपाट सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद, दोन्ही ट्रे खिडकीत. खाली नाव आणि तारीख.

सरांनी वाचलं. कान लाल झाले. हे कुणी सांगितलं, पुरावा काय, तूच अदलाबदल केली असशील, असं बरंच बोलून झालं.

"सर," ती म्हणाली, "अदलाबदल झाली असती तर पट्टा एकाच रांगेत आला असता. चुकीच्या, पण एकाच. दोन्हींत आलाय."

सर जेलच्या फोटोकडे बघत राहिले. एवढं साधं आपल्या लक्षात कसं आलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटायलाही वेळ लागला. तो कागद समितीपुढे नेण्यात काही अर्थ उरला नव्हता. त्यांनी तो खणात सरकवला. समितीला 'तांत्रिक अडचण' म्हणून पंधरा दिवस मागू, असं पुटपुटले. मग, पहिल्यांदाच, आवाज खाली आणून:

"पुन्हा कराल ना तुम्ही?"

"करीन. तोवर तुम्ही कपाटाला हात लावायचा नाही. हार घालायलाही नाही."

सरांनी मान हलवली. ती गहू भिजत घालायला गेली.